जुन्या मोटारीचे स्पार्क प्लग : त्यांची पारख, निवड व बदल

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या वाहनांत जी वस्तु आकारानें लहान, किंमतीनें स्वस्त आणि कांहीं बिघडलें असतां सर्वांच्या आधीं दोषी ठरविली जाणारी असते, ती म्हणजे स्पार्क प्लग होय. गाडी सकाळीं सुरू होईना, चढावर धापा टाकूं लागली, किंवा मागील नळींतून काळा धूर येऊं लागला, कीं "प्लग बदला" असा सल्ला शेजारीपाजारीहि देतात. पुष्कळदां असेंहि घडतें कीं, प्लग बदलला असतां गाडी चार दिवस उत्तम चालते आणि पांचव्या दिवशीं पूर्ववत् खोड्या करूं लागते. असें कां व्हावें, नवा प्लग घेतांना त्याजवरील आंकडा कसा वाचावा, आणि जुना प्लग फेकण्यापूर्वीं त्याच्यापासून काय जाणून घ्यावें, एवढ्याच गोष्टींचा विचार येथें करावयाचा आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं उष्णतेचे व विजेचे पाठ शिकलेले आहेतच. ते पाठ मोटारीच्या झांकणाखालीं कसे उपयोगीं पडतात हें त्यांस दिसेल. आणि ज्या पालकांच्या दारीं आजोबांच्या वेळची मोटार किंवा स्कूटर अद्यापि उभी आहे, त्यांचा थोडा खर्चहि वांचेल.

उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनी घेऊं, कारण ती ठाऊक नाहीं असें घर आपल्याकडे विरळा. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत, इटलीच्या फियाट ११०० ह्या गाडीवरून ही तयार होत असे. १९६४ पासून ती फियाट ११०० डिलाइट ह्या नांवानें निघाली, १९७२ मध्यें प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि पुढें लवकरच पद्मिनी हें नांव पावली. शतक पालटतां पालटतां तिचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींपैकीं शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून निघाली. तथापि घरगुती गाड्या अजून कोठें कोठें जीव धरून आहेत. तिचें इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरांचें, एका रांगेंत चार सिलिंडरांचें, म्हणजे चार प्लगांचें आहे. चार प्लग असणें ही शिकणाराच्या दृष्टीनें मोठी सोय होय; ती कशी, हें पुढें येईल.

प्रथम प्लगचें काम पाहूं. बॅटरीचा दाब अवघा १२ व्होल्टांचा. पॉइंट उघडतांच कॉइलमध्यें तोच दाब दहा ते वीस हजार व्होल्टांपर्यंत चढतो आणि प्लगची मधली शलाका व तिजवर वांकविलेली पट्टी ह्यांमधील अरुंद फट ओलांडून ठिणगीच्या रूपानें उडी घेतो. ह्या ठिणगीनें दाबलेलें पेट्रोल व हवा पेट घेतात. फोर-स्ट्रोक इंजिनांत दर दोन फेऱ्यांस प्रत्येक प्लग एकदां ठिणगी देतो. इंजिन मिनिटास २,००० फेरे घेत असेल तर एका प्लगच्या वांट्यास मिनिटाला १,००० ठिणग्या येतात, तासाला ६०,०००. गाडी सरासरी ताशीं ४० किलोमीटर चालली असें धरल्यास १५,००० किलोमीटरांस ३७५ तास लागतात. म्हणजे तेवढ्या अवधींत एका प्लगनें सव्वादोन कोटि ठिणग्या दिल्या! प्रत्येक ठिणगीबरोबर धातूचा अत्यंत सूक्ष्म अंश झिजून जातो. त्यामुळें शलाकेच्या कडा गोल होतात व फट रुंदावते. विद्युद्भार अणकुचीदार टोंकाशीं एकवटतो, हें आपण विजेच्या तारेच्या पाठांत शिकलों; म्हणून बोथट कडेवरून ठिणगी काढावयास अधिक दाब लागतो. साध्या निकेलच्या शलाकेचा प्लग १५ ते २० हजार किलोमीटरांनंतर बदलावा म्हणतात, त्याचें कारण हें.

आतां नवा प्लग चार दिवसच कां चालतो, हेंहि उघड होतें. नव्या प्लगच्या कडा धारदार व अंग स्वच्छ असल्यामुळें कॉइल अशक्त असली, पॉइंट जळलेले असले, किंवा सिलिंडरांत तेल चढत असलें, तरी तो कांहीं काळ ठिणगी देत राहतो. दोष नाहींसा होत नाहीं. तो झांकला जातो.

ह्याच ठिकाणीं एका प्रचलित परीक्षेविषयीं सांगणें अवश्य आहे. प्लग काढून, त्याला तार जोडून, त्याचें अंग इंजिनास टेकवून ठिणगी दिसते कीं नाहीं हें पाहण्याची चाल आहे. ठिणगी दिसली नाहीं तर दोष आहे हें खरें. पण दिसली म्हणजे सारें ठीक, हें मात्र खोटें. उघड्या हवेंत फट ओलांडणें सोपें असतें. सिलिंडरांत वायु दाबून दाट झालेला असतो व तेथें तीच फट ओलांडावयास कितीतरी अधिक दाब लागतो. शिवाय ही परीक्षा विद्यार्थ्यांनीं एकट्यानें मुळींच करूं नये. प्लगच्या भोंकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येते व तीच ठिणगी तिला पेटवूं शकते. आणि त्या दाबाचा झटका बसला असतां हात दचकून पंख्यावर किंवा पत्र्यावर आपटतो. ज्यांच्या हृदयांत पेसमेकर बसविलेला आहे त्यांनीं तर चालू इंजिनाच्या ह्या तारांपासून दूरच राहावें.

निवडीच्या प्रकरणीं मुख्य प्रश्न ठिणगीचा नसून उष्णतेचा आहे, आणि येथेंच पुष्कळ जण फसतात. मधल्या शलाकेभोंवतीं चिनीमातीसारखें पांढरें वेष्टण असतें. तें ॲल्युमिनाचें केलेलें असतें. त्याचें आंतील टोंक ज्वाळेंत असतें. हें टोंक साधारणपणें ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर राहिलें, तर त्यावर बसणारी काजळी जळून जाते व प्लग आपला आपण स्वच्छ राहतो. त्याहून थंड राहिलें तर काजळी सांचते. काजळी म्हणजे कोळसा, व कोळसा वीज वाहून नेतो. म्हणून वीज फट ओलांडण्याऐवजीं काजळीच्या वाटेनें गळून जाते. उलटपक्षीं टोंक ८५० ते ९०० अंशांच्या पलीकडे गेलें, तर तें निखाऱ्यासारखें होऊन ठिणगी पडण्यापूर्वींच मिश्रण पेटवितें. दट्ट्या वर येत असतांनाच वरून स्फोटाचा तडाखा! असें फार वेळ चाललें तर दट्ट्याच्या माथ्यास भोंक पडतें. एका प्लगची किंमत ती काय आणि दट्ट्या बदलण्याचा खर्च तो काय, ह्याचा हिशेब पालकांनींच करावा.

टोंक किती तापावें हें त्या पांढऱ्या वेष्टणाच्या लांबीवरून ठरतें. चुलींत घातलेल्या लोखंडी सळईची कल्पना करा. जाळांतल्या टोंकापासून चार बोटांवर सळईला ओलें फडकें गुंडाळलें, तर टोंक फारसें लाल होणार नाहीं. तेंच फडकें हातभर दूर गुंडाळलें तर टोंक लालभडक होईल. प्लगचें लोखंडी अंग हें जणूं तें ओलें फडकें, कारण तें इंजिनाच्या थंड होणाऱ्या डोक्यांत घट्ट बसलेलें असतें. ज्याचें उघडें वेष्टण लांब, त्याची उष्णता अंगापर्यंत पोंचावयास वेळ लागतो. त्यास "गरम प्लग" म्हणतात. ज्याचें आंखूड तो "थंड प्लग". गरम प्लग म्हणजे अधिक जोरदार ठिणगी नव्हे आणि त्यानें इंजिन तापतें असेंहि नव्हे. तें नांव केवळ टोंकाच्या उष्णतेविषयीं आहे. थंडीच्या दिवसांत "गरम" प्लग मागणारे गृहस्थ भेटतात, त्यांची फसगत ह्या नांवानें केलेली असते.

हा गुण प्लगच्या अंगावर एका आंकड्यानें दाखविलेला असतो. पण आंकडा मोठा म्हणजे काय, ह्याविषयीं कारखान्यांचें एकमत नाहीं. एनजीके ह्या जपानी कंपनीच्या प्लगांत आंकडा जितका मोठा तितका प्लग थंड. चँपियन व बॉश ह्यांच्या चालू पद्धतींत नेमकें उलट. आंकडा मोठा तो गरम. त्यांतहि गंमत अशी कीं, बॉशची जुनी पद्धति निराळी होती. तींत १७५, २२५ असे मोठे आंकडे असत आणि त्यांत मोठा आंकडा म्हणजे थंड प्लग. बॉशशीं संबंध असलेली मायको ही कंपनी बंगलोर येथें १९५१ सालीं सुरू झाली व २००८ पासून बॉश हेंच नांव लावूं लागली. तिचे प्लग आपल्याकडील गाड्यांत घरोघर असत. म्हणून वडिलांच्या वहींत एक आंकडा, दुकानाच्या फळीवर दुसरा, आणि दुकानदार म्हणतो "एक नंबर वरचा घ्या, चांगला असतो," अशी स्थिति झाली असतां घाबरून जाऊं नये व त्याचें ऐकूंहि नये. तो आंकडा म्हणजे परीक्षेंतील गुण नव्हेत. वाहनाच्या पुस्तिकेंत जो प्लग सांगितला असेल त्याचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा, व दुसऱ्या कंपनीचा घेणें भाग पडल्यास त्या कंपनीच्या तुलनात्मक कोष्टकांत त्यासमोर जो क्रमांक असेल तोच मागावा. अंदाजानें आंकडे जुळवूं नयेत.

आट्यांची लांबी ही दुसरी बाब. बहुतेक जुन्या गाड्यांच्या प्लगच्या आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर असतो. पण लांबी कोठें १२.७ मिलिमीटर, कोठें १९ मिलिमीटर. व्यास जुळला म्हणजे प्लग बसतोच. आणि हाच धोका. आंखूड जागीं लांब प्लग घातला तर तो दट्ट्यावर आपटूं शकतो, न आपटला तरी बाहेर आलेल्या आट्यांवर काजळी जमून पुढें तो निघतांना डोक्यांतील आटेहि घेऊन निघतो. लांब जागीं आंखूड घातला तर ठिणगी खांचेंत पडते व उघड्या आट्यांत काजळी भरते. जुना व नवा प्लग शेजारीं धरून पाहिल्यास ही चूक होत नाहीं.

इरिडियमच्या महाग प्लगांविषयीं हल्लीं फार विचारतात. त्यांची मधली शलाका बारीक व टिकाऊ असते, ठिणगीस दाब कमी लागतो, हें सर्व खरें. परंतु ज्या जुन्या इंजिनांत तेल चढतें, तेथें तो महाग प्लगहि साध्याइतकाच लवकर माखतो. माझें मत विचाराल तर जुन्या पद्मिनीस साधा निकेलचा प्लग पुरे. उरलेल्या पैशांत पॉइंट व जुन्या तारा बदलाव्या.

आतां जुन्या प्लगची परीक्षा. वैद्य जसा जीभ पाहतो तसा जाणता मिस्त्री प्लग पाहतो. परंतु गाडी उभ्या उभ्या चालवून लगेच काढलेला प्लग खोटी साक्ष देतो, कारण मंद गतींत सर्वच प्लग काळवंडतात. गाडी पांच-दहा किलोमीटर नेहमींच्या वेगानें चालवावी, थांबतांच इंजिन बंद करावें, तें निवूं द्यावें, आणि मग प्लग काढून कागदावर १, २, ३, ४ असे क्रमानें मांडावे. क्रम पंख्याच्या बाजूनें मोजावा.

प्लगच्या टोंकाचा रंग फिक्या तपकिरीपासून करड्यापर्यंत कोठेंहि असला तर प्रकृति ठीक. कोरडी, बोटास लागणारी काळी काजळी असेल तर मिश्रणांत पेट्रोल अधिक जातें, चोक अडकला आहे, हवेची गाळणी तुंबली आहे, किंवा प्लग गरजेपेक्षां थंड आहे. ओला, तेलकट, चकाकणारा काळेपणा हा दट्ट्याच्या कड्या किंवा झडपांच्या वाटा झिजल्याची खूण. अगदीं पांढरें, फोड आलेलें टोंक म्हणजे अति उष्णता. मिश्रणांत हवा अधिक, ठिणगी फार लवकर पडते, किंवा प्लग फार गरम. वेष्टणाचा टवका उडालेला असेल तर इंजिनांत ठोके पडत असावेत, नाहीं तर प्लग कोणाच्या तरी हातून पडलेला असावा. रंगाविषयीं जुन्या पुस्तकांवर आंधळेपणानें विसंबूं नये. २००० सालापासून आपल्याकडे पेट्रोलमध्यें शिसें नसतें, आणि इथेनॉलचें प्रमाण वाढत जाऊन २०२५ पर्यंत वीस टक्क्यांच्या आसपास पोंचलें. इथेनॉल आपल्याबरोबर प्राणवायु आणतो. म्हणून जुन्या कार्बुरेटरांत त्याच छिद्रांतून येणारें मिश्रण पूर्वींपेक्षां विरळ पडतें व प्लग अधिक फिका दिसतो. थोडा फिकेपणा हल्लीं स्वाभाविक मानावा. फोड मात्र स्वाभाविक नव्हेत.

चार प्लगांची सोय ती ही. चारहि सारखेच काळे असतील, तर दोष चौघांच्या सामाईक गोष्टींत, म्हणजे कार्बुरेटर, चोक, हवेची गाळणी किंवा ठिणगीची वेळ ह्यांत शोधावा. तिघे बरे व एकच तेलकट असेल, तर कार्बुरेटरास हात लावूं नये. दोष त्या एका सिलिंडरांत किंवा त्या एका तारेंत आहे. शेजारचे दोनच बिघडलेले असतील, तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. चौकशीची ही रीत विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंतहि वापरून पाहावी. अशी चौकशी न करितां चारहि प्लग कचऱ्यांत टाकणें म्हणजे साक्षीदारांस न विचारतां घालवून देणें होय.

येथें एका सर्रास चालणाऱ्या उपायाविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. तेल चढणाऱ्या इंजिनांत प्लग वारंवार माखतो. तेव्हां "एक पायरी गरम प्लग" घालून देतात. त्यानें तेल जळून जातें, प्लग माखत नाहीं, गिऱ्हाईक संतुष्ट होतें. गांवांतल्या गांवांत हळू चालणाऱ्या गाडीस दुरुस्तीपर्यंतचे थोडे दिवस काढावयास ह्याला मी नांव ठेवीत नाहीं. पण हें औषध नव्हे, वेदना दाबणारी गोळी होय. तीच गाडी सुट्टींत मंडळी व सामान भरून घाटांत नेली, कीं त्याच गरम प्लगचें टोंक निखारा बनतें. कड्या बदलावयाच्या कीं नाहीं हा पैशांचा प्रश्न आहे आणि तो कुटुंबानें ठरवावा; परंतु ठरविण्यापूर्वीं त्यांना खरें कारण कळलें पाहिजे. म्हणून जुना प्लग मिस्त्रीजवळून मागून घेऊन स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावा.

टू-स्ट्रोक स्कूटरचा प्रकार थोडा निराळा. पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज चेतकांत, १९७२ पासून कित्येक वर्षें, तेल पेट्रोलमध्येंच मिसळून घालीत. तें जळावयाचेंच, शिवाय येथें दर फेऱ्यास ठिणगी. सबब प्लगचें आयुष्य कमी, आणि तेल जास्त पडलें तर फटींत काजळीचा बारीक पूल तयार होऊन गाडी भर रस्त्यांत बंद. डिकींत एक जादा प्लग व पाना ठेवण्याची स्कूटरवाल्यांची जुनी संवय शहाणपणाची आहे. "थोडें जास्त तेल घातलेलें बरें" ही समजूत मात्र सोडावी; सांगितलेलें प्रमाण मापानेंच घालावें. (आतांच्या विजेच्या चेतकास प्लगच नाहीं, तेव्हां तिच्या मालकांनीं हा लेख निव्वळ करमणुकीसाठीं वाचावा.)

शेवटीं प्रत्यक्ष बदल. हें काम पालकांनीं करावें व मुलांनीं जवळ राहून पाहावें, किंवा मोठ्या मुलांनीं पालकांसमक्ष करावें. इंजिन पूर्ण थंड झालेलें असावें. पद्मिनीचें हेड ॲल्युमिनियमचें आहे, आणि गरम असतां त्याचे आटे नरम पडून प्लगबरोबर ओढले जातात. तारांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधाव्या. तार ओढूं नये, तिची टोपी धरून ओढावी. प्लगच्या बुडाभोंवतालची धूळ पंपानें किंवा फुंकून उडवावी, नाहीं तर ती सिलिंडरांत पडते. मग प्लगपाना सरळ बसवून सोडवावें. पाना तिरका झाला कीं वेष्टण तडकलेंच. आणि ती तडक पुष्कळदां डोळ्यांस दिसत नाहीं. खालीं फरशीवर पडलेला नवा प्लगहि ह्याच कारणास्तव वापरूं नये.

नव्या प्लगची फट डब्यांतून आली तशी बरोबर असेलच असें नाहीं, ती मोजावी. पॉइंट असलेल्या जुन्या इंजिनांत ती साधारणपणें ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. नक्की आंकडा पुस्तिकेंतून घ्यावा. कित्येक मिस्त्री लोखंड कापण्याच्या करवतीच्या पात्यानें ती मोजतात. ह्यांत अगदींच वेडेपणा नाहीं, कारण त्या पात्याची जाडी बहुधा ०.६ मिलिमीटरच्या किंचित् वर असते. पण दांत दोहों बाजूंस वांकविलेले असतात, तेव्हां मोजावयाचें तर पाठीच्या बाजूनें. फीलर गेज मिळत असतां करवत कशाला, हा प्रश्न राहतोच. फट कमी-जास्त करावयाची ती फक्त बाहेरची पट्टी वांकवून. मधल्या शलाकेवर जोर देऊं नये.

बसवितांना पाना प्रथम वापरूंच नये. प्लगच्या माथ्यावर रबरी नळीचा वीतभर तुकडा चढवून त्यानें फिरवावें. आटे तिरके लागले तर नळी घसरते व आपणांस सूचना मिळते. बोटांच्या जोरानें वायसर टेकेपर्यंत प्लग गेला, कीं मग पाना घ्यावा. नव्या वायसरास अर्धा फेरा किंवा किंचित् अधिक, म्हणजे घड्याळाच्या कांट्यानें सहा ते आठ तास. एकदां दाबलेल्या जुन्या वायसरास एका तासाइतकाच. त्यापुढें जोर लावणें हा पराक्रम ॲल्युमिनियमचे आटे उडवितो, आणि नवे आटे बसविण्याच्या मजुरींत कित्येक प्लग येतात.

तारा चिठ्ठ्यांप्रमाणें लावाव्या. चिठ्ठ्या गळून पडल्याच, तर पद्मिनीच्या ठिणग्यांचा क्रम १, ३, ४, २ असा आहे हें ध्यानांत ठेवून डिस्ट्रिब्यूटरच्या फिरण्याच्या दिशेनें, पहिल्या सिलिंडरच्या तारेपासून मोजावें. इंजिन सुरू करून तें एकसारखें चालतें कीं थरथरतें हें मिनिटभर ऐकावें. थरथरलें तर बहुधा दोन तारांची अदलाबदल झालेली असते. तारीख, किलोमीटरचा आंकडा, प्लगचा पूर्ण क्रमांक आणि जुन्या चारहि टोंकांचे रंग गाडीच्या वहींत लिहून ठेवावे, व पुढील हजार किलोमीटरांनंतर एकदां प्लग काढून नोंद ताडून पाहावी.